पीट कमी करत जाताना: कीटकभक्षी रोपांच्या मिश्रणांच्या नोंदी

१८ फेब्रुवारी

पीटची (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या मॉसची) शेवटची पिशवी निम्म्यावर आली. नवी आणायची नाही हे गेल्या वर्षी कुंड्या बदलतानाच ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं, कारण तेव्हा पिशवी भरलेली होती.

गणित असं की दलदलीत पीटचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटरने चढतो आणि माझी कुंडी १२ सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे नुसतं पीट भरलं तर एका कुंडीत शंभराहून जास्त वर्षांची दलदल भरायची आणि दोन वर्षांनी 'मिश्रण बसलं' म्हणून ओतून टाकायची. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. ती जमीन निचरा करून कोरडी पाडली की तो हवेत जायला लागतो. कुंड्यांसाठी निघणारं पीट हा त्यातला लहान वाटा. इंधन आणि शेतीसाठी केलेला निचरा त्याहून कितीतरी मोठा, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या हातात कुंडीच आहे.

दुसरं एक बरेच दिवस डोक्यात घोळतंय. पीट रोपांनी मागितलेलं नाही, ते आपण त्यांना दिलं. सीतेची आसवं (हीसुद्धा कीटकभक्षी) जांभ्याच्या सड्यावर बोटभर मातीत उगवतात. मेक्सिकोतली काही पिंग्विक्युला चक्क जिप्समच्या कड्यांना चिकटून वाढतात. ड्रॉसोफायलम तर पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्कोच्या कोरड्या, दगडाळ उतारांवरचं. व्हीनस फ्लायट्रॅपच्या (पानांचे सापळे मिटून किडे पकडणाऱ्या रोपाच्या) मूळ जागीही, म्हणजे दोन्ही कॅरोलायनांच्या किनारपट्टीत, वाळूचा भाग मोठा असतो. या सगळ्या जागांत सारखं काय, तर मुळांना खायला फारसं काही नसणं. पीट आपल्याला आवडलं ते यासाठीच: त्यात क्षार जवळपास नाहीत, ते आंबट आहे, पाणी धरून ठेवतं आणि लवकर कुजत नाही. पर्याय शोधायचा म्हणजे हे सगळं निरनिराळ्या वस्तूंकडून गोळा करायचं.

पाच मिश्रणं ठरवली, सगळी मापं आकारमानाने:

क – पीट १, परलाइट (भाजून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे कण) १. नेहमीचं. तुलनेसाठी.
ख – धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २, परलाइट १.
ग – बारीक पाइनची साल २, कोकोपीट १, वाळू १.
घ – लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं, वाळवलेलं) १, परलाइट १.
ङ – पीट, कोकोपीट, साल, परलाइट, प्रत्येकी १. पीट २५ टक्के.

प्रत्येकात ड्रॉसेरा कॅपेन्सिसची (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या जातीची) एकाच पेरणीची पाच पिल्लं आणि एकाच जुन्या गड्ड्यातून सुटे केलेले दोन फ्लायट्रॅप. कॅपेन्सिस निवडला कारण तो भराभर वाढतो आणि मरायला तसा कठीण. फ्लायट्रॅप निवडला कारण तो तसा नाही.

प्रत्येक मिश्रणाचा ट्रे वेगळा. एकाच ट्रेमध्ये ठेवले तर एकाचे क्षार सगळ्यांच्या वाट्याला येतील आणि मग कुणी काय केलं ते कळणार नाही.

२१ फेब्रुवारी

वाळू. दोन ठिकाणची होती, दिसायला सारखीच. दोन्हींवर व्हिनेगर टाकलं. पहिली गप्प राहिली. दुसरीतून बारीक बुडबुडे आले, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती. म्हणजे चुना, बहुधा शिंपल्यांचा चुरा. तिला बाद केलं. पहिली सात वेळा धुतली, तेव्हा कुठे वरचं पाणी गढूळ राहिलं नाही.

२३ फेब्रुवारी

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट, फुगून आठ-नऊ लिटर झाली. ज्या पाण्यात भिजवली त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा मीटरवरचा आकडा, पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग) ८ होता. पहिलं पाणी निथळून मोजलं: ७८०. नारळाच्या काथ्याची सालं अनेकदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात मुरवलेली असतात, शिवाय मुळात त्यांच्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे आकड्याचं नवल वाटलं नाही. दुसरं पाणी ४१०. तिसरं १९०. चौथं ९०. पाचवं ४८.

पन्नासच्या खाली. झालं काम. पिळून ठेवलं.

२४ फेब्रुवारी

झालेलं नव्हतं. पिळून ठेवलेल्यातलं ओंजळभर सहज म्हणून स्वच्छ पाण्यात टाकून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी १६५.

चूक अशी की मी पाणी ओतत होते, हलवत होते आणि पाच मिनिटांत निथळून मोजत होते. कणांच्या बाहेरचं धुतलं जात होतं, आतलं तसंच. कोकोपीटचा कण म्हणजे स्पंजचा तुकडा, आतले क्षार बाहेर यायला वेळ लागतो. पाच धुण्यांपेक्षा रात्रभराचं एक भिजवणं जास्त काम करतं. आता रोज संध्याकाळी पाणी बदलायचं आणि आकडा सकाळी लिहायचा.

२८ फेब्रुवारी

कोकोपीट, रात्रभर भिजवून: १६५, ११०, ७२, ५१. आज ४४. पुरे.

साल चाळली. तीन मिलिमीटरच्या खालची धूळ वेगळी काढली (ती कुंडीत तळाला जाऊन चिखल करते), सहाच्या वरचे तुकडे घटपर्णींसाठी बाजूला. मधलं भिजत घातलं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, टीडीएस फक्त ५५, पीएच ४.७. रंग पाहून घाबरायचं नाही. रंग टॅनिनचा आहे आणि ते मीटरला फारसं दिसत नाही, रोपांनाही त्याचं काही वाटत नाही.

मीटरबद्दल लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा गोंधळेन. ते क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम दाखवतं. कुणाचा गुणक ०.५, कुणाचा ०.७. म्हणून दोन मीटरांचे आकडे शेजारी ठेवून भांडायचं नाही. शिवाय आम्लसुद्धा वीज वाहून नेतं. पीएच ४ च्या पाण्यात क्षार शून्य असले तरी निव्वळ आंबटपणामुळे मीटर वीसच्या आसपास दाखवेल. पीटच्या ट्रेमधला २५ आणि कोकोपीटच्या ट्रेमधला २५ ही एकच गोष्ट नव्हे.

४ मार्च

कुंड्या भरल्या. परलाइट आधी ओलं केलं, तोंडाला मास्क, कारण त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. स्फॅग्नमसाठी हातमोजे. त्यात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते, हाताला खरचटलेलं असेल तर त्यातून आत शिरते आणि महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. क्वचित होतं, पण माझे हात कायम खरचटलेलेच असतात.

लावण्याआधी प्रत्येक मिश्रणातली हवा मोजली. एक लिटरच्या कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद करायची, मिश्रण भरायचं, वरपर्यंत पाणी चढेपर्यंत सावकाश भिजवायचं, मग पट्टी काढून निथळलेलं पाणी मोजायचं. जेवढं पाणी पडलं तेवढी हवा आत आली. क: १५० मिलिलिटर. ख: १८०. ग: २९०. घ: २३०. ङ: २००. साल जिंकली, असं तेव्हा वाटलं.

रोपं लावली. सगळ्या ट्रेमध्ये २ सेंटिमीटर पाणी.

१९ मार्च

ख च्या वर हिरवी शेवाळी साय. बाकी चार स्वच्छ. शेवाळं फुकट येत नाही, काहीतरी खाऊन येतं.

२ एप्रिल

ग मधली दोन पिल्लं वाळली. ट्रेमध्ये पाणी होतं, कुंडीच्या तळाचं मिश्रण ओलं होतं, वरचे तीन सेंटिमीटर कोरडे. पिल्लांची मुळं सेंटिमीटरभर. पाणी खाली, मुळं वर, मध्ये पोचवणारं कुणी नाही.

२९० मिलिलिटर हवेचा अर्थ आता कळला. पाणी बारीक पोकळ्यांतूनच वर चढतं. सालीच्या तुकड्यांमधल्या मोठ्या फटींतून ते चढूच शकत नाही, तिथे फक्त हवा राहते. पीटमध्ये बारीक पोकळ्या इतक्या की ट्रेमधल्या दोन सेंटिमीटर पाण्यावर बारा सेंटिमीटरची कुंडी वरपर्यंत ओली राहते. ट्रेमध्ये ठेवायची सवयच मुळी पीटमुळे लागलेली. सालीला ती मानवत नाही. सालीला वरून पाणी हवं, किंवा मिश्रणात वात हवी.

उरलेल्या तीन पिल्लांसाठी ट्रेमधलं पाणी ५ सेंटिमीटर केलं. लहान रोपांसाठी हे मिश्रण चुकीचं, लांब मुळांच्या मोठ्या रोपांना चालेल, असा अंदाज.

फ्लायट्रॅपचे फुलांचे दांडे कापले, सगळ्या कुंड्यांतले. नव्याने सुटे केलेल्या गड्ड्याला फुलायची चैन परवडत नाही.

१७ एप्रिल

ख मधल्या दोन्ही फ्लायट्रॅपची नवी पानं लहान आणि सापळ्यांच्या कडा काळ्या. क, घ, ङ मध्ये पानं रुंद. ख च्या ट्रेचं पाणी मोजलं: १४०. मी ८ चंच पाणी घालते आहे.

कारणं दोन. एक, उन्हाने ट्रेमधलं पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज भर घालत गेलं की पाणी कितीही शुद्ध असो, ट्रे हळूहळू खारवतो. हे पाचही ट्रेमध्ये होतंय, पण बाकीच्यांत मुळात मीठच कमी. दुसरं कारण जास्त किचकट. कोकोपीटच्या कणांवर ऋण भाराच्या जागा असतात आणि त्या जागांना सोडियम-पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं. शुद्ध पाणी त्याला हलवत नाही, कारण त्याच्या जागी बसायला पाण्यात दुसरं काही नसतं. म्हणून धुताना ४४ दिसलं. मुळं मात्र स्वतः हायड्रोजन आयन सोडतात, देवाणघेवाण सुरू होते आणि जे पाण्याने सोडलं नव्हतं ते मुळांच्या भोवती सुटतं. पीटवरही अशाच जागा असतात, पण तिथे बहुतेक हायड्रोजनच बसलेला असतो. स्फॅग्नम जिवंत असतानाच पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतं आणि बदल्यात हायड्रोजन सोडतं. दलदल आंबट का, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सगळ्या ट्रेमधलं पाणी ओतलं, कुंड्यांवरून प्रत्येकी दोन लिटर स्वच्छ पाणी सोडलं.

१८ एप्रिल

यावरचा उपाय भाजीपाल्याच्या ग्रोअरांना जुना आहे: कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवायचं. कॅल्शियमचा भार दुप्पट, तो सोडियम-पोटॅशियमला उठवून जागा बळकावतो, उठलेले पाण्याबरोबर जातात. पण त्यांना नायट्रेट मागे राहिलं तर आनंदच. माझ्यासाठी ते विष. शिवाय जागांवर आता कॅल्शियम बसणार, हेही फार आवडण्यासारखं नाही.

तरी एक बादली करून पाहते. लिटरला २ ग्रॅम, दोन दिवस, मग पहिल्यासारखी रात्रभराची धुणी. रोप जवळपास नसताना. ही बादली मुरेपर्यंत कुणाला द्यायची नाही.

६ मे

ख मधला एक फ्लायट्रॅप गेला. उपटून पाहिलं तर गड्डा मऊ, मुळं काळी, आंबूस वास. दुसऱ्याला काढून घ मध्ये हलवला. म्हणजे ख ची फ्लायट्रॅप परीक्षा इथे संपली.

सगळा दोष कोकोपीटवर टाकणार होते, पण कुंडी काळ्या प्लास्टिकची आहे आणि ख चा ट्रे नेमका कडेला, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. ट्रेमधल्या पाण्यात बोट घातलं तर कोमट होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि कुजवणाऱ्यांची चंगळ. ट्रेच्या जागा दर आठवड्याला फिरवायला हव्या होत्या. पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते अडीच महिन्यांनी सुचलं.

ख मधली कॅपेन्सिसची पिल्लं मात्र पाचही धडधाकट. शेवाळ्यातून मान वर काढून उभी आहेत.

८ मे

ट्रे फिरवायला सुरुवात.

२५ मे

'पीटविरहित' असं ठळक छापलेलं तयार मिश्रण हाती आलं. एक भाग मिश्रण, दोन भाग पाणी, रात्रभर ठेवून गाळून मोजलं: ९१०. पिशवीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की सुरुवातीच्या सहा आठवड्यांचं खत आत आहे. टोमॅटोसाठी उत्तम असेल. पीटविरहित म्हणजे खतविरहित नव्हे. उलट पीट काढलं की बनवणारे लोक बहुतेकदा कंपोस्ट घालतात आणि साल वा लाकडाचा धागा असेल तर वरून नायट्रोजनही.

तो नायट्रोजन का घालतात हे मात्र आमच्या कामाचं आहे. ताजी साल किंवा लाकूड कुजवायला सूक्ष्मजीवांना नायट्रोजन लागतो, तो ते मिश्रणातूनच उचलतात आणि झाडं पिवळी पडतात. म्हणून बागेची पुस्तकं ताजी साल वापरू नका म्हणतात. पण कीटकभक्षी रोपांना मुळाशी नायट्रोजन नकोच आहे! तो ती पानांनी मिळवतात. बागवानाला जो दोष वाटतो तो इथे जवळजवळ गुण. कंपोस्ट केलेली, 'तयार' साल माझ्यासाठी वाईट, कच्ची साल बरी. फक्त ती कुजताना मुळांच्या वाट्याचा प्राणवायूही वापरते आणि बसत जाते, तेव्हा दीड-दोन वर्षांनी बदलायची तयारी ठेवायची.

ग चे ट्रे हे म्हणणं खरं करत आहेत. वर शेवाळं अजिबात नाही.

१४ जून

पाऊस. पाचही ट्रे रिकामे करून कुंड्या तशाच उघड्यावर ठेवल्या. पावसाचं पाणी ७.

२९ जून

दोन आठवडे वरून झोडपलेल्या कुंड्यांमधून थोडं पाणी सोडून, खाली निथळलेलं मोजलं: क १९, ख ३६, ग २२, घ १६, ङ २१. एप्रिलपासून मी जे बादल्यांनी करत होते ते दोन आठवड्यांत होऊन गेलं. ख मधल्या कॅपेन्सिसने तर उडीच मारली, महिन्याभरात पानं दीडपट.

एप्रिल-मेमध्ये कोकोपीट वाईट असं मनात धरलं होतं ते आता बदलते. कच्चं कोकोपीट वाईट. पूर्ण पावसाळा खाल्लेलं कोकोपीट ही वेगळीच वस्तू आहे. भोकं पाडलेल्या पोत्यात भरून पावसात टांगून ठेवलं आहे, पुढच्या वर्षासाठी.

१२ जुलै

बारीक काळ्या माश्या. ख आणि ग मध्ये जास्त, क मध्ये कमी, घ मध्ये दिसल्या नाहीत. कॅपेन्सिसच्या पानांवर डझनांनी चिकटल्या आहेत आणि पाहुण्यांना दाखवायला ते छान आहे, पण पान पकडतं ती उडणारी माशी. तिने घातलेली अंडी खाली फुटतात आणि अळ्या बुरशीबरोबर कोवळी मुळंही कुरतडतात. ग मधलं तिसरं पिल्लू असंच गेलं असावं. उपटल्यावर मुळं नव्हतीच. ख आणि ग च्या वर धुतलेल्या वाळूचा सेंटिमीटरभर थर दिला. कोरड्या वाळूवर माशी सहसा अंडी घालत नाही.

३ ऑगस्ट

घ हिरवं झालं. वाळलेलं, तपकिरी, मेलेलं म्हणून आणलेलं स्फॅग्नम दोन महिन्यांच्या पावसानंतर टोकांनी फुटलं. सुंदर दिसतं आणि पंचाईत करतं. मॉस पिल्लांपेक्षा वेगाने वाढतं, पाचांपैकी दोन पिल्लं त्यात बुडाली होती. कात्रीने मॉस छाटलं, रोपं मोकळी केली. आता हे दर तीन आठवड्यांचं काम.

घ सगळ्यांत चांगलं चाललं आहे, म्हणून त्याच्याबद्दल मनात असलेली खोच आत्ताच लिहून टाकते. स्फॅग्नम म्हणजे पीट नव्हे. ते वरचं जिवंत मॉस, नीट काढलं तर काही वर्षांत परत वाढतं. पण वाढतं ते दलदलीतच आणि काढलं जातं ते तिथूनच, मुख्यतः न्यूझीलंड आणि चिलीमधून. ओरबाडून काढलं तर परत वाढत नाही. जर्मनीत पुन्हा ओल्या केलेल्या जुन्या पीटभूमीवर स्फॅग्नमची शेती करून पाहत आहेत, ते रुळलं तर मोठी गोष्ट. तोवर 'मी पीट सोडलं' म्हणत सगळं स्फॅग्नममध्ये लावणं म्हणजे एका दलदलीतून उठून दुसरीत हात घालणं.

छाटलेली टोकं फेकली नाहीत. उथळ ट्रेमध्ये परलाइटवर पसरली, पाणी वरपर्यंत, अर्धी सावली.

२९ ऑगस्ट

ट्रेमधल्या टोकांपैकी निम्म्याहून जास्त उभी राहिली. बाकीची बुरशीने पांढरी पडली, ती चिमट्याने काढली.

२० सप्टेंबर

साडेसहा महिने झाले. आज सगळं मोजलं.

पीएच, मिश्रणाचा चमचाभर काला शुद्ध पाण्यात करून: क ४.२, ख ५.९, ग ५.१, घ ४.५, ङ ४.७.

कॅपेन्सिस: क मध्ये पाच जिवंत, ख मध्ये पाच, ग मध्ये दोन, घ मध्ये पाच, ङ मध्ये पाच. सगळ्यांत मोठी ख मध्ये. हे मी मे महिन्यात कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. तिथल्या दोघांना फुलांचे दांडे आले आहेत. पीएच ५.९ ला. म्हणजे या जातीला तरी आंबटपणाशी फार देणंघेणं नाही, क्षार नसले की झालं. आंबट करण्यासाठी गंधक घालावं का, हा विचार मनात होता, तो सोडला.

फ्लायट्रॅप, सगळ्यांत रुंद सापळा: क २६ मिलिमीटर, ग २१, घ २८, ङ २६. ख मधून घ मध्ये हलवलेल्याचा १७, पण नवं पान निघतंय. क आणि ङ मध्ये डोळे मिटून फरक सांगता येणार नाही, आणि ङ मध्ये पीट क च्या निम्मं. या सगळ्या खटाटोपातला मला हवा होता तो आकडा हाच. दोन-दोन रोपांवरून नियम काढता येत नाही, पण माझ्या कुंड्यांपुरता एवढा पुरे.

बसलेली उंची: क अर्धा सेंटिमीटर, ख १, ग दीड, घ १ (मॉस दाबलं गेलं), ङ पाऊण.

११ ऑक्टोबर

चाचणीबाहेरच्यांचं काय करायचं ते ठरवत बसले होते.

घटपर्णी: प्रश्नच नाही. बऱ्याच जाती झाडांवर किंवा पालापाचोळ्यात वाढणाऱ्या, मुळांना हवा हवी. मोठी साल, परलाइट, थोडं स्फॅग्नम. गेल्या तीन वर्षांत यांना पीट दिलेलंच नाही आणि त्याचं कौतुकही कधी केलं नाही, कारण ते 'पीटविरहित' वाटतच नव्हतं.

मेक्सिकन पिंग्विक्युला: परलाइट, वाळू, चिमूटभर व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज). सेंद्रिय काहीच नाही. हिवाळ्यात कोरडी पडतात तेव्हा पीटमध्ये कुजायची, इथे कुजत नाहीत. चुन्याची जी वाळू फेब्रुवारीत बाद केली होती ती यांच्यासाठी कामाची निघाली.

सारासेनिया (उभ्या नळीसारख्या पानांची): इथे धाडस होत नाही. मोठी कुंडी, तीन-चार वर्षं न हलवायची, आणि कोकोपीट-साल इतकी वर्षं न बसता टिकतील का, हे सहा महिन्यांच्या नोंदीवरून कळणार नाही. एक जुना गड्डा दोन भागांत केला आहे. येत्या फेब्रुवारीत एक क मध्ये, एक ङ मध्ये लावणार. त्याची नोंद चार वर्षांनी.

१६ नोव्हेंबर

क ची कॅपेन्सिस ङ मध्ये हलवली आणि कुंडीतलं पीट फेकायच्या ऐवजी चाळलं. मुळं, शेवाळाची साय काढली, एका रात्रीचं भिजवणं: ३१. हेच ङ मधला पीटचा भाग म्हणून पुन्हा वापरता येईल. इतकी वर्षं 'बसलं' म्हणून जे ओतून दिलं ते बहुतेक नुसतं दाबलं गेलेलं असायचं. नवं परलाइट मिसळलं की परत मोकळं होतं. निम्मी पिशवी आणि जुन्या कुंड्या मिळून मला अजून बरीच वर्षं पुरतील असं दिसतंय.

एप्रिलमधली कॅल्शियमची बादली उघडली. पाणी २९, नायट्रेटच्या पट्टीवर रंग नाही. शेजारी पावसात टांगलेल्या पोत्यातलं कोकोपीट रात्रभर भिजवून: ३३. चार पीपीएमसाठी एवढी रसायनं करण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी फक्त पोतं.

ख मधल्या कॅपेन्सिसचं बी पिकलं होतं. कागदावर झटकलं तर धुळीसारखं काळं. पोत्यातलं कोकोपीट २, वाळू १, अशी नवी कुंडी भरली, चिठ्ठीवर 'च' लिहिलं, बी वर नुसतं भुरभुरलं, झाकलं नाही. त्याला उजेड लागतो. उगवायला तीन-चार आठवडे. वाळूचा थर यावेळी आधीच दिला आहे, बी त्याच्यावर.